हाड हातात घ्या

फ्रँकफर्टहून एर्लांगेनला जाणाऱ्या गाडीबाहेर धुकं इतकं दाट होतं की गावं यायची आणि नीट दिसायच्या आत विरून जायची. शेजारी माझी मुलगी मृणाल फोनवर ऑफिसशी बोलत होती. "या, या... गेनाऊ (बरोबर)... या!" मी पर्स उचलून उठायच्याच बेतात होते. मग आठवलं, जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'. लेक आईला परक्या पाहुणीसारखं 'या' म्हणते म्हणून मी एकटीच हसत बसले.

मिरजेला मेडिकलच्या मुलांना मी आयुष्यभर शरीररचनाशास्त्र शिकवलं. इकडे येण्यात माझा एक मतलब होता. मला देहदान करायचं होतं. पण माणूस गेल्यावर देह नेऊन द्यायचा तो वारसानं, आणि माझी वारस ही एकटीच. फोनवर विषय काढला की बाईसाहेबांची नेमकी मीटिंग सुरू व्हायची.

एर्लांगेन सायकलींचं गाव आहे. सकाळी बेकरीत ब्रेत्सेल (आपल्या कडबोळ्याचा थोरला भाऊ) घेतलं, त्यावरचं जाडं मीठ झाडत आम्ही विद्यापीठातला जुना अस्थिसंग्रह बघायला गेलो. काचेच्या कपाटांतून हाडं मंद पिवळी चमकत होती. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

तिथेच मला तीनशे वर्षांपूर्वी एडिंबरोत शरीररचना शिकवणारे एक गुरुजी आठवले. फौजेतल्या सर्जनचा हा मुलगा. देशोदेशी शिकून घरी परतला आणि लॅटिन सोडून इंग्रजीत, म्हणजे मुलांना कळेल अशा भाषेत शिकवू लागला. लांबलांबून मुलं आली. हाडांवर पुस्तक लिहिलं, तेही चित्रांशिवाय! चित्र काय बघता, हाड हातात घ्या, असा खाक्या. त्या काळी शिकवण्यासाठी थडग्यांतून देह चोरले जात. लोक खवळले, तेव्हा गुरुजींना आपला वर्ग विद्यापीठाच्या भिंतीआड हलवावा लागला. मीही खेड्यांतून आलेल्या पोरांना मनगटातली हाडं मराठीतच शिकवायची: होडी, चंद्र, त्रिकोण, वाटाणा. परीक्षेत लॅटिन नावं आपोआप आठवायची.

माहिती सांगणारी विद्यार्थिनी जर्मनमध्ये बोलत होती, मृणाल मराठी करून सांगत होती. "आई, ती म्हणते, वर्ष संपलं की मुलं मेणबत्त्या लावतात, नावं मोठ्यानं वाचतात. कोणाची, तर ज्यांनी क्योर्परश्पेन्ड, म्हणजे देह..." ती अडखळली.

"दान," मी म्हटलं.

मृणालनं मान फिरवली. मग आपणहून त्या मुलीला काहीतरी विचारलं. घरचे लोक येतात का, असं असावं. मुलगी म्हणाली, "या."

बाहेर बाकावर बसल्यावर मृणाल भडकली. "आल्झो (हे बघ), आई, बाबांच्या अस्थी निदान कृष्णेत सोडल्या. तुझं माझ्याकडे काय राहणार?"

"माझे विद्यार्थी."

"ते तुझे. मला काय?"

फार वाईट वाटलं. पोरीचं काही चुकत नव्हतं. धुक्यातून सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या, सायकली दिसत नव्हत्या. मी पुन्हा विषय काढला नाही.

परतीच्या दिवशी फ्रँकफर्टच्या विमानतळावर तिनं माझं मनगट धरलं. निरोपाला धरतात तसं नाही. अंगठ्याच्या बाजूनं बोट दाबत दाबत ती पुटपुटली, "होडी... चंद्र... त्रिकोण... वाटाणा." लहानपणी भात कालवताना मी तिला तिच्याच हातावर शिकवलं होतं. मग तिनं तेच बोट स्वतःच्या मनगटावर फिरवलं. "हे राहील माझ्याकडे," ती म्हणाली.

"मग, मृणाल?" मी भीतभीत विचारलं.

"या."

क्षणभर काळजात लागलं. आपल्यात निघणाऱ्या आईला लेक 'ये' म्हणते, 'या' म्हणतात ते परक्या पाहुण्याला. चार पावलं जाऊन मागे वळून पाहिलं तर ती डोळे पुसत होती आणि मान होकारार्थी हलवत होती. माझी लेक जर्मनमध्ये बोलली होती.

विमान धुक्याच्या वर आलं तेव्हा लख्ख ऊन होतं. गुरुजींच्या काळी देह चोरीला जायचे. माझ्या देहाला माझ्या लेकीनं हो म्हटलं. मिरजेला घरी पोचल्याबरोबर फोन केला. ती म्हणाली, "आई, परत लवकर ये."

मी म्हटलं, "या."