सीटवाल्यांची एका सीटची गाडी

आमच्या ह्यांना सगळा बाजार सीटवाले म्हणतो. मोटारसायकलींच्या सीट शिवण्यात त्यांची उमर गेली. खाली दुकान, वर आम्ही. शिलाई मशीनची घरघर थांबली की मी समजते, गिऱ्हाइकाशी गप्पा सुरू झाल्या. जुनी सीट नुसती दाबून हे सांगतात, मागे बसणारं माणूस जाड की बारीक. अशा माणसाने हौसेने स्वतःसाठी गाडी आणली आणि तिला मागची सीटच नव्हती.

गाडी शर्यतीची. एका शर्यतवाल्याने पाठदुखीपायी विकायला काढलेली. धाकटीचं लग्न पार पडलं आणि ह्यांच्या मनातलं तरुणपणचं भूत पुन्हा उठून बसलं. आमची जुनी स्कूटर देऊन टाकली आणि ही लाल बया टेम्पोतून घरी आली. मला दाखवायला उतरवली, तर उभीच राहीना. स्टँडच नाही! शेवटी भिंतीला टेकवली.

"आरसे कुठे आहेत?" मी विचारलं.

"शर्यतीत मागे बघत नाहीत."

"आणि दिवा?"

"बसवून घेऊ. कागद पक्के आहेत. मेकॅनिक म्हणाला, रस्त्यावर चालेल अशी करून देतो."

"आणि मी कुठे बसू?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. गाडीचं मागचं टोक निमुळतं, त्याच्या पुढे बोटभर फोम चिकटवलेला, तोही एकट्यापुरता. जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना बसायला जागा करून दिली आणि स्वतःची बायको मोजायचीच राहिली! मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगते, मला फार लागलं. मुलींची शाळा, दवाखाना, बाजार, सगळं जग मी ह्यांच्या खांद्यावरून पाहिलंय. आता काय, दारात उभं राहून टाटा करायचा?

मेकॅनिकने दिवे, आरसे, हॉर्न, स्टँड सगळं बसवलं. मागच्या सीटचं विचारलं तर म्हणाला, "मागची चौकट शर्यतीसाठी कापलीय. वहिनींचं वजन पेलणार नाही." वजनाचा उल्लेख टाळला असता तरी चाललं असतं.

रविवारी हे एकटेच निघाले. अंगात कातडी जाकीट, त्याची चेन पोटावर अडलेली. म्हातारचळ लागला की माणसाला उकडतही नाही. माझा चहा संपायच्या आत परत आले.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही गं. हिला वेगाचा काटाच नाही. किती जोरात चाललोय, तेच कळेना."

"मग स्कूटरवर कसं कळायचं? तिचा काटा तर मुली लहान असतानाच बंद पडला होता."

हेल्मेट काढता काढता हे थांबले. "तू मागून 'हळू' म्हणायचीस ना."

मी कपबशी विसळायला घेतली.

मग ह्यांनी मेकॅनिकच्या मागे लागून त्याच जातीच्या साध्या गाडीची न कापलेली चौकट मिळवली, पाय ठेवायची सोय केली. मेकॅनिक काटाही बसवतो म्हणाला, तर हे म्हणाले, आधी सीट. किती दिवस खालून नुसती मशीनची घरघर येत होती, गप्पा बंद. माझं माप विचारलं नाही. माझी उजवी कंबर दुखते, म्हणून त्या बाजूला मऊ फोम घातला होता. मी हात लावून पाहिलं आणि मला भरून आलं.

पहिल्यांदा बसताना मी मनाशी ठरवलं होतं, आज अवाक्षर काढायचं नाही. एवढी हौस आहे, तर एकदा होऊ दे मनासारखं. बाजार संपला, सरळ मोकळा रस्ता लागला, ह्यांनी गाडी सोडली. वारा कानात शिरला. 'हळू' अगदी ओठांवर आलं, ते मी गिळलं आणि ह्यांचं जाकीट मुठीत धरलं.

थोडं पुढे जाऊन गाडी आपोआप मंदावली. हे कडेला थांबले, हेल्मेटची काच वर केली.

"घाबरलीस?"

"छे!"

"मग बोल ना काहीतरी," हे म्हणाले. "मला भीती वाटतेय."