तांदळाएवढं सोनं

साखरपुड्याच्या अंगठ्या मी लॅपटॉपवर निवडून मोकळी झाले होते. प्लॅटिनमच्या, जोडीच्या, एकदम झकास. पुण्याहून आई बंगळुरात इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटवर आली आणि चपला काढायच्या आधीच मी तिच्यासमोर फोटो धरला. ती म्हणाली, "हे काय, स्टीलच्या वाटीची कड कापून आणलीस?"

मग तिने आपला बेत सांगितला. बाबांची अंगठी आटवायची आणि त्याच सोन्यातून आम्हा दोघांच्या अंगठ्या करायच्या. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती अंगठी आईच्या बोटात होती, ढिली होते म्हणून खालून दोरा गुंडाळलेली. भांडी घासताना नाही की झोपताना नाही, कधीच ती निघाली नव्हती. मला धडकीच भरली. एकदा आटली की आटली, परत थोडीच येणार? "आई, नको ना," मी म्हटलं, तर "तू मध्ये बोलू नकोस" म्हणून मलाच गप्प केलं. मी भांडकुदळ आहे खरी, पण हे आलं कुठून ते तुम्हीच बघा.

होणाऱ्या सासूबाई येलहंक्याच्या. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. त्यांचा नेहमीचा सोनार शिवाजीनगरात, पुण्याच्या नव्हे, इथल्याच. त्या, त्यांचा मुलगा, आई आणि मी, अशी चौघं त्याच्या चिमुकल्या दुकानात कोंबून बसलो. आईने मराठीत हिंदी कालवून त्याला सगळं समजावलं. तो मान डोलावत म्हणाला, "सरी, अम्मा."

आई दचकली. "सरी? सरी नकोय हो! अंगठ्या. दोन!"

"सरी, सरी. येरडु." त्याने दोन बोटं दाखवली.

"बघितलंस? दोन सऱ्या म्हणतोय! एवढ्याशा सोन्यात सरी होते का कधी? गळ्यातला दागिना माझ्या गळ्यात मारायला बघतोय मेला!"

सासूबाईंना हसू आवरेना. "अक्का, स्वल्प थांबा! इथं सरी म्हणजे बरं. बरं बरं म्हणतोय तो तुम्हाला."

मी हसून हसून लोळायचीच बाकी होते. आईसुद्धा हसली, पण अंगठी काही उतरवेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगठी देणं लांबवायला तिला भांडणाचं कारण हवं होतं, आणि ते आता संपलं होतं. तिने दोरा सोडला, अंगठी काढून मुठीत धरली आणि तशीच बसून राहिली. सोनाराचा हात पुढे केलेला.

"मी एकदा घालून बघू?" इतका वेळ अंग चोरून बसलेला माझा नवरा, म्हणजे तेव्हा होणारा, म्हणाला. "वितळवायचीच कशाला? मला अशीच आवडेल."

आईने मूठ उघडली. अंगठी त्याच्या बोटात जराशी फिरत होती. माप कमी करायला थोडं सोनं कापावं लागेल, असं सोनाराचं म्हणणं सासूबाईंनी सांगितलं. "मग तेवढं हिच्या अंगठीत घाला," आई पटकन म्हणाली. निघाला तो तांदळाएवढा तुकडा. तो नव्या सोन्यात मिसळून माझी अंगठी झाली, आणि बाबांच्या अंगठीच्या कडेला होत्या तशाच दोन बारीक रेघा तिच्यावरही आल्या. प्लॅटिनम गेलं उडत! मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी आईशी एकदाही वाद घातला नाही.

साखरपुडा येलहंक्याला त्यांच्या घरी झाला. अंगठ्या घालून झाल्या, फोटो झाले, आणि तो मित्रांकडे निघाला. मागून आईने हाक मारली, "अहो, जरा थांबा ना!"

आजवर ती त्याला 'अरे'च म्हणायची. बाबांनंतर तिच्या तोंडून ही हाक मी ऐकलीच नव्हती. तिची तिलाही ती ऐकू आली असावी, कारण पेढ्यांचं ताट धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय, आई?" तो वळून म्हणाला.

"हात करा पुढे."

त्याने अंगठीचा हात पुढे केला. आईने तो उलटा करून तळहातावर पेढा ठेवला. "खा आधी," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी फिरताय."