घरात कुणाला काचबिंदू?

दर वर्षी मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या एका चष्म्याच्या दुकानात जायचो. माझ्या कंपनीच्या हेल्थ प्लॅनमध्ये डोळ्यांसाठी माणशी ठरावीक रक्कम मिळायची. आधी बिल भरायचं, मग पावती पाठवून पैसे परत घ्यायचे. एकतीस मार्चला जे उरेल ते बुडालं. आणि बुडू देण्याइतका मी मोठा झालेलो नव्हतो. कॉलेजची तीन वर्षं मी नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर गॉगल विकून काढली. फ्रेम हातात घेतली की तिची खरी किंमत मला कळते. गिऱ्हाइकाला घाबरवून महाग वस्तू गळ्यात कशी मारायची, तेही कळतं. ‘ऊन डोळ्यांना खातं, ताई,’ हे वाक्य माझंच.

त्यामुळे त्या दुकानात मी घासाघीस करायचो. दोन फ्रेमवर तिसरी पदरात पाडून घ्यायचो, काचांवरचं कोटिंग फुकट करून घ्यायचो. मुलं लांब जाऊन उभी राहायची. मुलगी एकदा जवळ येऊन कुजबुजली, “बाबा, प्लीज. हे मार्केट नाही आहे.”

“किंमत लावलीय ना? मग मार्केटच,” मी म्हणालो.

पहिल्या वर्षी बायकोच्या तपासणीला मी तिच्यासोबत आत बसलो. ती शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं बोलते. पण तिला कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मी आत. तपासणाऱ्या माणसाने तिला विचारलं, “घरात कुणाला काचबिंदू?”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझे सासरे शेवटची आठ वर्षं भिंत धरून चालत होते. काचबिंदूच होता.

“नाही. कुणालाच नाही,” मी म्हणालो.

इन्शुरन्सचा फॉर्म भरताना आपल्याकडे एजंट पहिली गोष्ट शिकवतो ती हीच. आजाराच्या रकान्यात काही लिहू नका, पुढे क्लेम अडकेल. माझ्या आईच्या ऑपरेशनचा क्लेम एका खऱ्या उत्तरामुळे नाकारला गेला होता. तेव्हापासून अशा प्रश्नाला माझ्या तोंडून आपोआप नाहीच येतं.

तो माणूस म्हणाला, “डोळ्यामागची नस जरा वेगळी दिसतेय. काहींची असते तशी. घरात कुणाला नाही म्हणता, तर काळजीचं कारण नाही. पण हवा तर एक स्कॅन काढू, त्याचे वेगळे पैसे पडतील.”

मी बायकोला मराठीत म्हणालो, “ऐकलंस? ऊन डोळ्यांना खातं, ताई.”

ती हसली. यंत्राने डोळ्यावर हवेची फुंकर मारून दाब मोजला होता, तो नॉर्मल आला होता. मग स्कॅन कशाला? त्याऐवजी तिला आवडलेल्या मरून फ्रेममध्ये मी नंबरचा गॉगल करून घेतला. पुढच्या दोन्ही वर्षी तोच माणूस, तोच प्रश्न, माझं तेच उत्तर.

त्या काळात आमच्या गाडीची डावी बाजू खराब होत गेली. आधी राउंडअबाउटवर रस्त्याच्या कडेच्या कर्बला चाक घासलं, मग शाळेच्या पार्किंगमध्ये खांबाला दार. इथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि बायको रोज चालवायची. तिसऱ्यांदा डावा आरसा तुटला तेव्हा मी बॉडीशॉपवाल्याशी भांडलो आणि घरी येऊन तिच्यावर ओरडलो. “लक्ष कुठे असतं तुझं?”

यंदा कंपनीने प्लॅन बंद करत असल्याचं कळवलं. शेवटचा मार्च. मी ठरवलं, चौघांच्या नावावरचं सगळं वसूल करायचं. बायको तपासणीला आत गेली तेव्हा मी काउंटरवर मुलाच्या फ्रेमसाठी वाद घालत होतो, म्हणून ती एकटीच गेली. तपासणारी या वेळी एक नवी, तरुण मुलगी होती.

बराच वेळ झाला. मग ती मुलगी बाहेर आली. म्हणाली, “तुमच्या मिसेसच्या वडिलांना काचबिंदू होता. वय चाळीसच्या वर आहे, म्हणजे त्यांची तपासणी सरकारी खर्चाने होते. तुम्ही दर वर्षी पैसे का भरलेत?”

खोटं कशाला सांगू. माझं डोकं पहिल्यांदा इथे गेलं, की म्हणजे तपासणीचे पैसे वाचले, ते फ्रेमवर लावता येतील.

“जरा बसता का?” ती म्हणाली.

तिने बायकोचं डोकं एका यंत्रात ठेवून ठिपके दाखवले होते. ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या बाजूच्या बऱ्याच ठिपक्यांना बटण दाबलंच गेलं नव्हतं. स्कॅन तिने न विचारता काढला. पैसे घेतले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. दोन्ही डोळ्यांत आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू. लायसन्सवाल्यांना कळवणं भाग होतं. बायकोने गाडीची किल्ली स्वतःच माझ्या टेबलावर आणून ठेवली.

प्लॅनचे पैसे मात्र आठवड्यात जमा झाले. क्लेमच्या फॉर्मवर आजाराचा रकानाच नव्हता. पावती, तारीख, सही. बस.

मी दुकानात गेलो. तीन वर्षं नस बघूनही त्या माणसाने तिला हॉस्पिटलला का पाठवलं नाही? भरपाई घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणालो. आवाज चढला, गिऱ्हाइकं थबकली. मॅनेजर शांतपणे आत गेला आणि एक कागद छापून घेऊन आला. तीन वर्षांच्या तीन नोंदी. ‘घरात काचबिंदू: नाही. नवऱ्याने सांगितले. स्कॅन: नको. नवऱ्याने सांगितले.’

मी आजही म्हणतो, प्रश्न तिला होता तर उत्तर तिच्याकडूनच घ्यायला हवं होतं. मला गप्प करायला हवं होतं.

घरी बायकोने तो कागद मागितला. मान डावीकडे वळवून वळवून वाचला.

“तीन वर्षं पेशंट तुम्हीच होतात की,” ती म्हणाली.

मी भडकलो. “मग तू का नाही बोललीस? गाडी धडकत होती, तुला कळत नव्हतं?”

“कळत होतं. तुम्ही म्हणालात माझं लक्ष नसतं. मग मी जास्त लक्ष द्यायला लागले.”

तिने कागदाची घडी घालून मला परत दिली.

डॉक्टरांनी मुलांचेही डोळे तपासून घ्यायला सांगितलं होतं. गेल्या शनिवारी दोघांना घेऊन गेलो, दुसऱ्या दुकानात. मुलीचा नंबर आला. मी उठलो, तशी ती दारात थांबली.

“बाबा, तू बाहेर बस.”

“अगं, ते विचारतील—”

“माहितीये काय विचारतील. आईला आणि आईचा बाबाला. मी सांगते सगळा.”

तिने दार लावून घेतलं. मुलगा बाजूच्या खुर्चीवर फोन बघत होता. समोर भिंतभर फ्रेम लावलेल्या होत्या, प्रत्येकीखाली किंमत. मी एकीलाही हात लावला नाही. आतून तिचा आवाज ऐकू येतो का, तेवढं ऐकत बसलो. ऐकू आला नाही.