फळ्यावर आरतीची माय

मंडळी, शाळेतून आत्ताच घरी आले.

उंद्री गावाच्या पुढे आमची छोटी शाळा आहे. सकाळी परिपाठाआधी एक विद्यार्थी फळ्यावर दिनविशेष लिहितो, म्हणजे आजच्या तारखेला कोण जन्मलं, कोण वारलं, काय घडलं. आज पाळी सातवीतल्या आरतीची होती. खडू धरून ती तशीच थांबली.

"मॅडम, आज माह्या मायले जाऊन वर्ष झालं. तिचं नाव लिहू काय? का मोठ्या मानसायचंच लिहा लागते?"

"लिही बाई," मी म्हटलं.

वारलेल्यांमध्ये एका शास्त्रज्ञाच्या नावाखाली तिनं लिहिलं, 'शांता, माझी आई.' मग घटनांमध्ये लिहिलं, 'गेल्या वर्षी आजच्या दिवशी मी पहिल्यांदा माझी वेणी माझ्या हातानं घातली.'

परिपाठात तिनं ते न अडखळता वाचलं. रांगेतलं एकही पोरगं हसलं नाही. मीच तोंड फिरवलं.

शाळा सुटताना पोरं रोज फळा पुसतात. आज डस्टर उचललं, फळ्याकडे पाहिलं अन् परत ठेवून दिलं. मीही खोलीला कुलूप लावून निघाले.

उद्याची तारीख लिहायची तर सकाळी तो पुसावाच लागेल. खरं सांगा, तुमचा हात धजला असता?