टॉवेलांतली ओल

१८ मे. जहाज कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लिहायचा होता. आमच्या कारखान्याचे टॉवेल परदेशी बंदरात पोचले ते बुरशी धरून. ऑफिस मी सांभाळते, त्यामुळे असली पत्रं माझ्याच गळ्यात.

लिहिण्याआधी सर्वेअरला फोन केला. तिथल्या मालाची तपासणी त्यानंच करवली होती.

"मॅडम, कंटेनरला भोक नाही. डागांत मीठही निघालं नाही. हे पाणी समुद्राचं नाही, तुमच्या घरचं आहे."

प्रवासात माल बिघडला तर जबाबदारी जहाज कंपनीची. ओल आधीपासून आत असेल तर ती आपली. त्यांनी बंद कंटेनर बाहेरून बघून सही केलेली असते.

ओल कुठून आली हे मला फोन ठेवायच्या आतच कळलं. घडी प्रेसमध्ये घालण्याआधी आमच्या जुन्या कामगार अक्का तिच्यावर हातानं पाणी शिंपडतात. घडी कडक बसते. सोलापूरच्या हवेत संध्याकाळपर्यंत सुकतेही. या वेळी ट्रक दारात उभा होता, म्हणून प्रेसमधून निघालेला माल तसाच प्लास्टिकमध्ये बांधला.

मालक म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून गेला माल, आणि पाणी आपलंच?"

"आपलंच."

"दावा टाकून तर बघू."

"टाका. सर्वेअरचा रिपोर्ट त्यांच्याकडेही गेलाय."

त्यांनी दाव्याचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "अक्कांना सांगा, उद्यापासून येऊ नका."

"पाणी मारायला कुणी शिकवलं त्यांना?"

"आमच्या आईनं. आईला काय कंटेनर माहीत होता?"

"मग अक्कांना तरी कुणी सांगितला?"

आणखी वाद घालायचं त्राण नव्हतं. दुपारपासून डोकं ठणकत होतं. गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं: दोष आमच्या पॅकिंगचा, माल बदलून देतो. कामगाराचा उल्लेख केला नाही. मालकांनी वाचून सही केली आणि अक्कांचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांचा होकार असाच असतो.

अक्का फाटकापाशी थांबल्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती.

"काय ओ बाई, उद्या येऊ की नको?"

"या. जरा लवकरच या."

१९ मे. सकाळी आम्ही दोघींनी पुढच्या ऑर्डरचे, घाईत तसेच ओलसर बांधलेले गठ्ठे सोडले आणि टॉवेल गच्चीवर उन्हात पसरले.

"घडी सगळी मोडली की ओ," अक्का म्हणाल्या.

"मोडू दे," म्हटलं, आणि पुढचा गठ्ठा सोडला.