विहीणबाईंचा घास

माझ्या मुलाचे लग्न मी खाऊन जमवले. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु त्या दिवशी सोलच्या बाजारात माझ्या हातून खाण्याखेरीज अन्य कोणतीही कृती घडली नाही, याला माझी पत्नी साक्षीदार आहे. तिची साक्ष माझ्या बाजूने सहसा नसते, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करतो.

स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे (आणि तेच मला जमत नाही). यवतमाळच्या एका कचेरीत माझी सारी नोकरी टेबलामागे गेली. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. चहावाल्याने चुकून दुसऱ्याचा चहा माझ्यापुढे ठेवला, तर तो मी मुकाट्याने प्यायचो, आणि मागाहून माझा आला की तोही. त्यातच, पानात अन्नाचा कण टाकायचा नाही, ही वडिलांची शिस्त. त्या शिस्तीने मी अनेक पंगतींत भिडस्तपणे अतोनात जेवलो आहे.

पत्नीचे, म्हणजे सुलभाचे, माहेर बाभुळगावचे. तिच्या माहेरी पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणायचे आणि तिसऱ्यांदा वाढणाऱ्याने त्याचे न ऐकता वाढायचे, हे दोन्ही पक्षांना तोंडपाठ असते. पहिल्याच आग्रहाला ताट पुढे करणारा पाहुणा हावरट ठरतो आणि दुसऱ्या नकाराला माघारी फिरणारी यजमानीण कंजूष. आमच्या लग्नानंतर तिथे पहिल्यांदा जेवलो, तेव्हा मी खरोखरच ‘नको’ म्हणालो होतो. त्या दिवशी मला हाताला धरून उठवावे लागले.

आमचा मुलगा मयूर कोरियात, सोलमध्ये इंजिनिअर आहे. सूजिन नावाची तिकडचीच मुलगी त्याने पसंत केली. तिचे वडील लवकर गेलेले. आईने बाजारात खाण्याचे दुकान चालवून तिला वाढवले, शिकवले. आई-बाबांनी येऊन विहीणबाईंना भेटावे, असे ठरले आणि भर थंडीत आम्ही तिकडे पोहोचलो.

“कुठं भेटायचं मंग?” सुलभाने विचारले.

“सूजिनच्या आईच्या दुकानात. त्या दुकान सोडून कोनाच्या भेटीले जात नाहीत, आई.”

“सोयरिकीची पयली भेट अन् भर बाजारात? यवतमाळात आठवडी बाजारात कोनी पोरगी पाह्यली का कधी?”

“पोरगी तू पाह्यली ना फोनवर. आता मायले भेटायचं आहे.”

“तेच म्हनते मी. माय पाह्यली का पोरगी समजते.”

मयूरने मला बाजूला घेतले. “बाबा, आईनं मनापासून हो म्हटलं तरच मी पुढं जाईन. अन् सूजिनबी तिच्या आईच्या शब्दाबाहेर नाही. तुमी फक्त काही गडबड करू नका.”

मी आयुष्यात कधीही गडबड केलेली नाही. ती माझ्या आजूबाजूला होते.

बाजार एका भल्यामोठ्या छपराखाली होता. दुकानांच्या रांगा, वाफेचे लोट आणि प्रत्येक दुकानात ॲप्रन बांधलेली एकेक बाई. तिच्या कट्ट्याभोवती बाकडी मांडलेली. तिथेच बसायचे आणि तिच्या समोरच खायचे. मी बाकड्यावर टेकलो आणि ताडकन उठलो.

“अगं, खाली काहीतरी पेटलं आहे.”

“बाबा, बसा. थंडीसाठी बाकडं गरम केलेलं आहे.”

“यायच्या हापिसात हे असतं, तर यायनं कामं केली असती,” सुलभा म्हणाली.

विहीणबाई ठेंगण्या होत्या. आखूड कुरळे केस, फुलाफुलांचा ॲप्रन, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. त्या कमरेत वाकल्या. मी वाकून नमस्कार केला. त्या आणखी वाकल्या. मीही आणखी वाकलो आणि थेट कढईच्या वाफेत शिरलो. चष्म्यावर वाफ धरल्यामुळे पुढचे दोन नमस्कार मी शेजारच्या दुकानातील गिऱ्हाइकाला केले. त्यानेही ते स्वीकारले.

सुलभाचे लक्ष दगडी जात्याकडे होते. विजेवर फिरणाऱ्या त्या जात्यातून भिजवलेली मुगाची डाळ दळून पडत होती आणि विहीणबाई ती तव्यावर भरभक्कम तेलात जाडजाड थापत होत्या.

“मुगाचं धिरडंच आहे हे,” ती पुटपुटली. “पन तेल पाहा. धिरडं पोहून राह्यलं त्यात.”

तिचा आवाज मऊ झाल्याचे पाहून मला हायसे वाटले. तोच विहीणबाईंनी कात्री काढली आणि धिरड्याचे सपासप तुकडे केले.

“कात्रीनं कापून राह्यली ते,” सुलभा म्हणाली आणि आवाज पूर्ववत झाला.

याच वेळी विहीणबाईंनी मयूर आणि सूजिन यांना, पाहुण्यांसाठी काही गोड आणायला म्हणून, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पिटाळले. आम्ही तिघे उरलो. आणि तिघांत मिळून एकही समाईक भाषा नव्हती.

विहीणबाईंनी ताटली दोन्ही हातांनी सुलभापुढे धरली. सुलभाने मानाने हसून ताटलीवर आडवा हात धरला. “नको, नको.”

विहीणबाईंनी ताटली पुन्हा पुढे केली.

“नको हो. पोट भरलेलं आहे अगदी.” (तिने इथे जेवायचे म्हणून सकाळपासून चहाखेरीज काही घेतले नव्हते.)

विहीणबाई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हलकेच मान लववली, ताटली मागे घेतली आणि माझ्यापुढे ठेवली. सुलभा हसरा चेहरा तसाच ठेवून तिसऱ्या आग्रहाची वाट पाहत होती. तो चेहरा तिने बराच वेळ तसा ठेवला.

“घेऊन गेली,” ती अखेर ओठ न हलवता म्हणाली.

“काय?”

“धिरडं. माह्यापुढचं धिरडं नेऊन तुमच्यापुढं ठेवलं तिनं.”

“तू नको म्हणालीस ना?”

“म्हनावंच लागते ते. पयल्या झटक्यात ताट पुढं करू काय, भुक्कडासारखी?”

“मग आता मागून घे.”

“मागू? मी? पोराची माय?”

“मग माझ्यातलं घे.”

“विहिनीसमोर तुमच्या ताटात जेवू? त्यापेक्षा उपाशी बरी.”

आणि ती उपाशी बसली. हात मांडीवर, मान ताठ, नजर तव्यावर.

मी खाऊ लागलो. निदान मी तरी अन्नाचा मान राखावा, हा माझा हेतू. धिरड्यासोबत छोट्या छोट्या वाट्या होत्या: कोबीचे लालभडक आंबट लोणचे, मुळ्याचे लोणचे, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर. सळयांसारख्या त्या दोन पोलादी काड्यांशी झटापट करून मी सगळे संपवले. चाटूनपुसून. विहीणबाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी सर्व वाट्या पुन्हा भरल्या.

मी त्याही संपवल्या. त्यांनी पुन्हा भरल्या.

रिकामी वाटी म्हणजे पाहुण्याला आणखी हवे, ही त्यांची समजूत. भरलेली वाटी म्हणजे ती संपवायची, ही माझी. या दोन सुसंस्कृत समजुतींच्या बरोबर मध्ये माझे पोट होते.

“ठेवून द्या ना थोडं,” सुलभा कुजबुजली.

“पानात टाकू?”

“मंग खा. फुटा.”

मी घाईघाईने संपवून हात जोडले, तर त्यांनीही हात जोडले आणि वाट्यांसोबत आणखी एक धिरडे वाढले. लोणच्याचा तिखटपणा एव्हाना कानापर्यंत पोहोचला होता. यवतमाळचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असे आम्ही अभिमानाने सांगतो; परंतु आमचे तिखट समोरून येते. हे मागून आले. माझे नाक गळू लागले, डोळ्यांतून धारा लागल्या. विहीणबाईंनी हातातले उलथणे खाली ठेवले आणि माझ्याकडे निरखून पाहिले. त्यांचा असा ग्रह झाला की मी गहिवरलो आहे.

त्यांचेही डोळे भरून आले.

मग त्यांनी हातमोजे काढले. हात धुतले. एक रुंद हिरवे पान तळहातावर पसरून त्यावर भात ठेवला, भाजलेल्या टोफूचा तुकडा, लसणाची अख्खी पाकळी आणि वर लाल वाटण. पान दुमडून लाडवाएवढा गोळा वळला, कट्ट्याला वळसा घालून माझ्यापाशी आल्या, एक हात माझ्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाल्या, “आऽऽ.”

एवढेच कोरियन मला भाषांतराशिवाय समजले.

मी सुलभाकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर कोणताही भाव नव्हता, आणि हा तिचा सर्वांत वाईट भाव. भर बाजारात, पत्नीच्या देखत, परस्त्रीच्या हातून घास घेणे योग्य की त्या माउलीचा हात तसाच परतवणे योग्य, याचा मी गंभीरपणे विचार करू लागलो. पण मला नाही म्हणता येत नाही, हे माझ्या जबड्याला माझ्याआधी आठवले. तो उघडला.

तो घास अर्धा तोडायचा नसतो, असे नंतर कळले. तेव्हा तो तोडायला जागाही नव्हती.

“आपल्या लग्नात मी जिलबी भरवत होते,” सुलभा तव्याकडे पाहत संथपणे म्हणाली, “तवा दातखीळ बसलती तुमची. मामानं गाल दाबले, तवा कुठं तोंड उघडलं. इथं बरं उघडलं.”

मी हातवारे करून खुलासा करण्याचा प्रयत्न केला.

“राहू द्या. नाव घेऊन भरवला का तिनं, का तसाच?”

इतक्यात मयूर आणि सूजिन गोडाची पिशवी घेऊन परतले. समोर बाप लालबुंद, रडका आणि गाल फुगलेला. आई कोऱ्या कट्ट्यापुढे मूर्तीसारखी. आणि भावी सासूबाई डोळे पुसत उभ्या. मयूरच्या हातातून पिशवी पडायची राहिली.

“काय झालं?”

“काही नाही,” सुलभा म्हणाली. “विहीनबाई तुह्या बाबाले भरवून राह्यल्या. मी पाहून राह्यली.”

विहीणबाई लेकीशी खालच्या आवाजात भराभर बोलल्या. सूजिनचा चेहरा उतरला. ती मयूरशी बोलली, आणि मयूर आईकडे वळला.

“आई, तू दोनदा नको म्हनाली का त्यायले?”

“मंग?”

“त्यायले वाटते, तुले त्या पसंत नाहीत. बाजारात बसनाऱ्या बाईच्या हातचं तू खात नसशील. इकडच्या लोनच्यात मासळी असते; तुमच्यासाठी ती न घालता येगळं लोनचं मुरवलं होतं त्यायनं. त्या म्हनतात, माह्यापायी पोरीचं मोडू नये. तू नाही खाल्लं, तं निदान बाबाचं तरी मन भरावं, म्हनून त्या यायले वाढून राह्यल्या होत्या.”

तव्यावर तेल चुरचुरत होते. मी चावणे थांबवले, कारण तेलाखेरीज तेवढाच आवाज ऐकू येत होता.

“नाही म्हटलं का खरंच नाही समजते का ह्या?” तिने विचारले.

“हो.”

“तिसऱ्यांदा नाही विचारत?”

“नाही, आई. इथं ज्याले पाह्यजे तो पयल्यांदाच हो म्हनते.”

“मंग मजा काय राह्यली जेवनात?” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने पदर खोचला. “सांग त्यायले. मले भूक लागली म्हनावं. सकायपासून काही नाही खाल्लं मी, त्यायच्याकडं जेवायचं म्हनून.”

मयूरने सूजिनला आणि सूजिनने आईला सांगितले. विहीणबाई आधी लेकीकडे, मग सुलभाकडे पाहत राहिल्या. आणि मग त्यांनी एकदम तीन धिरडी तव्यावर टाकली. सुलभाने काड्यांना हातही न लावता बोटांनी तोडून खाल्ले. दुसऱ्या धिरड्यावर तिने मान डोलावली. तिसऱ्यावर म्हणाली, “मूग चांगला भिजलेला आहे. हात आहे बाईले.”

एवढ्यावर थांबली असती, तर ती बाभुळगावची कसली? तिने उठून पान घेतले, भात घेतला, लसूण जरा जास्तच घेतला, माझ्या घासाच्या दीडपट गोळा वळला आणि विहीणबाईंपुढे धरला. विहीणबाईंनी हसून दोन्ही हात हलवले.

“एक झालं,” सुलभा म्हणाली.

त्यांनी पुन्हा मान हलवली.

“दोन झाले. आता घ्याच.”

“आई, त्या खरंच नको म्हनून राह्यल्या,” मयूर म्हणाला.

“तुले काय समजते त्यातलं? चूप बस.” आणि तिने विहीणबाईंच्या हनुवटीखाली हात धरून घास भरवला. त्यांचे गाल फुगले, डोळे मिटले आणि अख्खे शरीर हसू लागले. मग एकीने पान घ्यायचे, दुसरीने नाही म्हणायचे, पहिलीने ऐकायचे नाही, असे सुरू झाले. विहीणबाई फार लवकर शिकल्या. त्यांचा दुसरा नकार तर माझ्या सासूबाईंना शोभेल इतका खोटा होता.

“मयूर,” घास गिळून सुलभा म्हणाली, “सांग त्यायले. पोरगी आमची झाली.”

सूजिनने डोळे पुसले. मयूर माझ्याकडे वळला. “बाबा, तुमी काय म्हनता?”

अशा प्रसंगासाठी मी विमानात चार चांगली वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांत ‘दोन संस्कृती’ हा शब्दप्रयोग दोनदा येत होता. परंतु आनंदाच्या भरात विहीणबाईंनी नुकताच दुसरा घास माझ्या तोंडात दिला होता. मी ‘जरा थांबा’ अशा अर्थाने हात वर केला. तो आशीर्वाद समजून सूजिन कमरेत वाकली, तिची आई वाकली, आणि या कल्लोळात मयूरही वाकला.

“चला, यायचं बी झालं,” सुलभा म्हणाली.

घास घशाखाली उतरला, तेव्हा लग्न आधी यवतमाळला करायचे की सोलला, याची चर्चा रंगात आली होती. आणि ‘माझी काही हरकत नाही’ हे माझे या सोयरिकीबद्दलचे पहिले वाक्य ऐकायला तिथे कोणीही मोकळे नव्हते.