काळी एकमधून उतरत चाललेलं गाणं

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारीच नेल्या. पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय... गाणं उतरलं तर एक तर गायक थकलाय, नाहीतर माझ्याच हाताने पट्टी वर-खाली करणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं गेलंय. तिसरं कारण मी कधी मानलं नाही. आता मात्र पुरता अडकलोय, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागे आमच्या तीन खोल्या. वडील — आम्ही त्यांना दादा म्हणतो — आयुष्यभर लेथवर टर्नर होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, खायला तोंड उघडायचंही ते विसरले. आई रडकुंडीला यायची. मग एकदा मी मोबाईलवर त्यांचं आवडतं जुनं गाणं लावलं. वरातीत हमखास वाजणारं, पट्टी काळी एक, उडता केरवा. दादांच्या डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर ठेका धरला आणि तोंड उघडलं. वाटीभर आंबील पोटात गेली. तेव्हापासून सकाळी दहाला गाणं आणि आंबील, हे ठरूनच गेलं.

श्रावणात एक दिवस गाणं कानाला खटकलं. ट्यूनर ॲप लावलं, तर पांढरी एक. एक पट्टी खाली, लयही जराशी सैल. फोन बिघडला असेल म्हणून स्वयंपाकघरात नेला — तिथे काळी एक. परत दादांच्या खोलीचा उंबरा ओलांडला... पांढरी एक. मी चार वेळा आत-बाहेर केलं.

"आंबील गार व्हायला लागलीया," आई म्हणाली, "आन् तू येरझाऱ्या काय घालतोयस?"

दुसऱ्या दिवशी आमचा ढोलकीवाला सुरेश आला, त्याच्या फोनवर लावलं. तेच.

"भावा, ट्रान्सपोज दाबलाईस व्हय?"

"फोनला कुठला आलाय ट्रान्सपोज?"

तो हसला, मग त्याने पुन्हा ऐकलं आणि चहा न घेताच गेला.

दसऱ्यापर्यंत आणखी एक पट्टी खाली, म्हणजे पांढरी सात, मग त्याहून खाली काळी पाच. वरातीतलं गाणं ते, पण त्या खोलीत आता कुणाला तरी निरोप दिल्यासारखं वाजायला लागलं. दादांचा हातही त्याच मंद लयीत पडायचा. वाटीची अर्धी वाटी झाली, मग चार चमचे. डॉक्टर म्हणाले, वयोमान. त्यांना पट्टीचं काय सांगणार होतो मी?

शेवटी मी वाजवणाऱ्याची अक्कल चालवली. खोलीत गाणं तीन पट्ट्या उतरतंय ना, मग तीन चढवून वाजवू. कीबोर्ड पलंगाजवळ मांडला, ट्रान्सपोज अधिक तीन, लय मूळची. वाजलं की बरोबर काळी एकमध्ये! मी खुशीत आईकडे बघितलं. आई दादांकडे बघत होती. त्यांचा हात ठेका पकडायला धडपडत होता, सारखा चुकत होता. श्वास चढला, कपाळावर घाम आला. तरी मी थांबलो नाही. मग तो हात माझ्या मनगटावर आला. वर्षभरात पहिल्यांदा दादा बोलले.

"हात लावू नगंस."

लेथ बंद केला तरी नग धरून फिरणारा चक थोडा वेळ फिरत राहतो. घाईत असलेली पोरं तो तळहाताने दाबून थांबवायला जातात. त्यांच्यावर दादा हेच ओरडायचे. मी बटण मागे घेतलं, त्यांच्या लयीत वाजवलं, आणि वाजवताना ढसाढसा रडलो. त्या दिवशी त्यांनी तीन चमचे खाल्ले.

सुरेश म्हणतो, "गानंच लावू नगंस की." ते पण करून बघितलं. दोन दिवस लावलं नाही. दोन दिवस दादांनी आंबिलीला ओठ लावले नाहीत. आई चमचा घेऊन बसून राहिली.

आज सकाळी आणखी एक पट्टी खाली, पांढरी सहा होती. कुणाला यामागचं कारण ठाऊक असेल तर सांगा... मला कळत नाही. गाणं लावलं की ते उतरतं, त्याच्यासोबत दादाही, आणि लावल्याशिवाय दादा तोंड उघडत नाहीत. उद्या दहा वाजता मलाच ते लावायचं आहे.